दोन बॅटऱ्यांची डिझेल पिकअप: बॅटरी सारखी का बसते, ते शोधायचं कसं

दीड वर्षात तीन बॅटऱ्या. माझ्या डिझेल पिकअपचा हा हिशेब, आणि तिन्ही वेळा बसली ती डावीकडचीच. पहिल्यांदा वाटलं, वय झालं असेल. दुसऱ्यांदा दुकानदाराने वॉरंटीत बदलून दिली आणि म्हणाला, "लॉटच खराब आला असेल." तिसऱ्यांदा मात्र नवी बॅटरी ठेवण्याआधी मी मीटर घेऊन तासभर बॉनेटखाली वाकलो. दोष बॅटरीत नव्हताच. डाव्या बॅटरीची अर्थ केबल (निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी) ज्या बोल्टने बॉडीला आवळली होती, तिथे केबलच्या लगखाली, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीखाली, गंजाचा पापुद्रा धरला होता. बॅटरी जागेवर होती, टर्मिनल चकचकीत होते, पण तिला पुरतं चार्जिंग कधी मिळतच नव्हतं. मी दर वेळी नवी बॅटरी आणून त्याच उपासमारीला बसवत होतो.

मल्टीमीटर नुकताच हातात घेतलेल्या माणसाला जमेल अशा क्रमाने ही तपासणी लिहितो आहे. एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा: दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या असेपर्यंत त्या एकमेकींचं झाकतात. एक मेलेली असली तरी दुसरी गाडी ओढते. एकीला चार्जिंग मिळत नसलं तरी मीटरवर आकडा बरा दिसतो. म्हणून कुठे जोडी सोडवून मोजायचं आणि कुठे जोडलेली असतानाच मोजायचं, हे कळलं की निम्मं काम झालं.

आधी आपल्या गाडीची जोडणी ओळखा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण १५ ते २० पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. एवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायला सेल्फला (स्टार्टर मोटरला) शेकडो अँपिअर लागतात. शिवाय थंड इंजिनात ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारा प्लग) किंवा हवा तापवणारा हीटर आधी चालू होतो, आणि मोठ्या इंजिनाचा हीटर एकटाच शंभर अँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. हा सगळा भार एका बॅटरीला झेपत नाही, म्हणून मोठ्या पिकअपमध्ये दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या समांतर जोडतात: पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह. व्होल्टेज १२च राहतं, ताकद दुप्पट होते.

पण सगळ्याच गाड्यांत असं नसतं. काहींमध्ये एक बॅटरी इंजिन सुरू करायला आणि दुसरी फ्रिज, दिवे, इन्व्हर्टर अशा जास्तीच्या सामानासाठी असते, आणि मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरीला योग्य व्होल्टेजने चार्ज करणारा डबा) बसवलेला असतो. मोजक्या गाड्यांत दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बॉनेट उघडा, जाड केबल बोटाने धरून शेवटपर्यंत जा आणि कागदावर आकृती काढा. दोन्ही पॉझिटिव्ह थेट एका जाड केबलने जोडलेले असतील तर गाडी समांतर जोडणीची. पुढचं सगळं प्रामुख्याने तिच्यासाठीच आहे.

आकृती काढताना चार गोष्टी नोंदवा: अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची) जाड वायर कोणत्या बॅटरीवर येते, सेल्फची कोणत्या बॅटरीवरून जाते, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या अर्थ केबल कुठे कुठे आवळल्या आहेत. मग चिकटपट्टीवर मार्करने एकीला 'अ' आणि दुसरीला 'ब' लिहून टाका. हसू नका. तिसऱ्या रीडिंगनंतर "मघाशी ११.९ होतं ते कुठल्या बाजूला?" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

हत्यारं, आणि जिवाची काळजी

डिजिटल मल्टीमीटर, टर्मिनल घासायचा तारेचा ब्रश, पाने, बॅटरी चार्जर आणि एक क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा). क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी करंट मोजतो ना, हे खात्री करून घ्या. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात. बॅटरीच्या केबलवर लावले की शून्य दाखवतात आणि आपण खूश होतो. बॅटरीची झाकणं उघडत असतील तर आतल्या आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटरही हवा.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. म्हणून चष्मा, हातमोजे, हातातली अंगठी-कडं काढलेलं. दोन बॅटऱ्यांच्या गाडीत नवख्या माणसाची हमखास होणारी चूक म्हणजे एका बॅटरीचा निगेटिव्ह काढला की गाडी बंद झाली असं समजणं. दुसरी बॅटरी अजून जोडलेलीच असते. पॉझिटिव्हवर लावलेला पाना बॉडीला टेकला तर तो जागेवर वेल्डिंग करेल. नियम असा: आधी दोन्ही निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट.

आणि अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनात बॅटरीची वायर काढायची जुनी सवय कुणी शिकवली असेल तर ती विसरा. व्होल्टेज एकदम उसळतं आणि गाडीतले महागडे कंट्रोलर त्यात जातात.

जोडी सोडवा, दोघींची परीक्षा वेगळी घ्या

दोन्ही बॅटऱ्या गाडीपासून आणि एकमेकींपासून वेगळ्या करा. प्रत्येकीला स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करा. सत्तर अँपिअर-तासाची पूर्ण उतरलेली बॅटरी १० अँपिअरच्या चार्जरवर आठ-नऊ तास तरी घेते, म्हणजे एक रात्र एकीची, एक रात्र दुसरीची. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. पण अर्धवट चार्ज बॅटरीची कुठलीही टेस्ट विश्वासाची नसते. "गाडी तासभर फिरवून आणली" म्हणजे चार्जिंग नव्हे. अल्टरनेटर चार्ज टिकवतो. पार उतरलेल्या दोन बॅटऱ्या भरून काढायला लावलं की तो तापतो आणि स्वतःच आजारी पडतो.

चार्जर काढल्यावर निदान काही तास, जमल्यास रात्रभर, बॅटरी तशीच ठेवा. लगेच मोजलं तर वरवरचं व्होल्टेज दिसतं, खरं नाही. मग मोजा:

१२.६ ते १२.७ व्होल्ट: भरलेली. एजीएम प्रकारची (आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेली, सीलबंद) असेल तर १२.८ किंवा थोडं वर.
१२.४: साधारण पाऊण.
१२.२: निम्मी.
१२.० च्या खाली: जवळपास रिकामी.

पूर्ण चार्ज करूनही रात्रभरात १२.४ च्या खाली येत असेल तर ती बॅटरी आतून गळते आहे. १०.५ च्या आसपास अडकून बसली असेल तर सहापैकी एक सेल गेला; प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा, एक वजा केला की हाच आकडा येतो. झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटरने सहाही सेल बघा. भरलेल्या सेलचं रीडिंग १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान हवं, आणि सर्वांत चांगल्या व सर्वांत वाईट सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल तर बॅटरी संपली म्हणा.

व्होल्टेज चांगलं असूनही बॅटरी कमजोर असू शकते, म्हणून लोड टेस्ट करा. बॅटरीवर छापलेल्या सीसीए आकड्याच्या (थंडीत सेल्फ मारताना ती किती अँपिअर देऊ शकते त्याच्या) निम्म्या अँपिअरचा भार १५ सेकंद द्यायचा. २१ अंशांच्या आसपास व्होल्टेज ९.६ च्या वर टिकलं पाहिजे. हे यंत्र घरी नसतं, बॅटरीच्या दुकानात असतं. तिथे जाताना दोन्ही बॅटऱ्या सोबत न्या. गाडीत जोडलेल्या जोडीवरच टेस्टर लावून कुणी निकालाची चिठ्ठी हातात देत असेल तर तिचा भरवसा धरू नका. ती दोघींची सरासरी असते.

आता निकाल दोन प्रकारचा लागेल. दोन्ही सारख्याच म्हाताऱ्या निघाल्या आणि त्यांना चार-पाच वर्षं झाली असतील, तर बहुधा वयच झालं. पण एक ठणठणीत आणि एक मेलेली, किंवा दोन्ही वर्षभरातच गेलेल्या, असं असेल तर दोष गाडीत शोधायचा. पुढे वाचा.

सेल्फ मारताना दोन्हीकडे बघा

माझ्या मते ही या सगळ्यातली सर्वांत बोलकी टेस्ट, आणि पाच मिनिटांत होते. दोन्ही बॅटऱ्या (चार्ज केलेल्या) गाडीत नीट जोडा. कुणाला तरी चावी मारायला बसवा. मीटर 'अ'च्या दोन पोलांवर धरा. केबलच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलावरच. सेल्फ फिरत असताना सर्वांत खाली गेलेला आकडा टिपा. इंजिन बंद करून थोडं थांबा, तसंच 'ब'वर करा. मीटरला किमान-कमाल नोंदवायचं बटण असेल तर ते वापरा, डोळ्यांनी आकडा पकडणं अवघड जातं.

समजा 'अ' ९.६ पर्यंत घसरली आणि 'ब' ११.९ वरच राहिली. नवखा माणूस म्हणतो, 'अ' खराब, 'ब' उत्तम. खरं बरोबर उलट आहे. समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्यांचं व्होल्टेज जवळपास सारखंच पडायला हवं, मग त्यातली एक कमजोर का असेना. 'ब' घसरलीच नाही, कारण तिच्यातून करंट निघालाच नाही. ती कामचुकार आहे. सगळं ओझं 'अ' वाहते आहे आणि म्हणून लवकर मरते आहे. 'ब'ची केबल, लग किंवा अर्थ कुठेतरी तुटका आहे. हाच दोष चार्जिंगच्या वेळी उलटा भोवतो: 'ब'पर्यंत करंट पोचत नाही, ती अर्धपोटी राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि काही महिन्यांनी ती सुद्धा जाते. कधी डावी, कधी उजवी असा घोळ सुरू होतो तो इथून.

दोन्हीकडे आकडा सारखाच, पण फार खाली गेला असेल आणि बॅटऱ्या दुकानातल्या टेस्टमध्ये पास झाल्या असतील, तर सेल्फ जास्त करंट खेचतो आहे का ते बघावं लागेल.

फरक दिसला तर दोष नेमका कोणत्या तुकड्यात आहे ते शोधायचं. मीटर डीसी व्होल्टवरच ठेवा. एक टोक 'ब'च्या निगेटिव्ह पोलावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. मग टोक पुढे पुढे सरकवा: पोल ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं लग, लग ते बोल्ट, बोल्ट ते बॉडी, बॉडी ते इंजिन. आकडा जिथे उडी मारतो तिथे दोष. पॉझिटिव्ह बाजूला पोलापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत एकूण अर्धा व्होल्ट चालतो, त्याहून जास्त नाही. दोन पॉझिटिव्ह जोडणारी लांब केबल विसरू नका. इंजिनच्या पुढून किंवा रेडिएटरच्या कडेने जाते, पाणी खाते, आणि कुणी तिच्याकडे बघत नाही.

हे काम ओहमवर करू नका. जाड केबलचे शंभर धागे तुटले आणि दोनच उरले तरी ओहममीटर शून्य दाखवतो, कारण तो अगदी बारीक करंट सोडून मोजतो. खरा भार पडल्यावरच केबलची लायकी कळते.

केबल वरून चांगली दिसते, त्याला फसू नका. लगच्या अलीकडे दोन-तीन बोटं अंतरावर रबर दाबून बघा. आत गंज धरला असेल तर ते फुगलेलं, कडक लागतं आणि दाबल्यावर कुरकुरतं. माझ्या केबलला हे नव्हतं. तिथे फक्त रंग आणि गंज होता. बोल्ट काढून, बॉडीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, लगची दोन्ही अंगं घासून पुन्हा आवळलं आणि वरून ग्रीस फासलं. सेल्फ मारताना दोन्हीकडचे आकडे सारखे आले. तीन बॅटऱ्यांचे पैसे वाचवू शकलं असतं ते काम वीस मिनिटांचं होतं.

चार्जिंग पुरेसं मिळतं का, आणि दोघींना मिळतं का

इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. थंड इंजिनात सुरुवातीला हीटर चालू-बंद होत राहतो, तेव्हा दिवे मिचकावतात आणि व्होल्टेज खालीवर होतं. ते दोष समजू नका. हीटर शांत झाल्यावर वेग थोडा वाढवून दोन्ही बॅटऱ्यांच्या पोलांवर मोजा. १३.८ ते १४.७ च्या दरम्यान हवं. १३.५ च्या आतच राहत असेल तर चार्जिंग कमी. १५ च्या वर जात असेल तर बॅटरी उकळते, पाणी आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. दोन्हीकडच्या आकड्यांत ठळक फरक असेल तर पुन्हा मागच्या भागाकडे वळा, दोष जोडणीतच आहे.

क्लॅम्प मीटर असेल तर त्याच वेळी दोन्ही निगेटिव्ह केबलवर लावून बघा. सुरू झाल्या झाल्या दोघींना जवळपास सारखा करंट मिळायला हवा आणि तो हळूहळू उतरायला हवा. एकीला २० अँपिअर आणि दुसरीला एक, असं रोजच दिसत असेल तर दुसरी उपाशी आहे.

नव्या गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे वेगात असताना ते मुद्दाम १३ च्या आसपास उतरवलेलंही दिसतं. अशा गाडीत एका बॅटरीच्या निगेटिव्हवर छोटा सेन्सर असतो. बाहेरून लावलेल्या इन्व्हर्टरची किंवा विंचची अर्थ वायर थेट त्या पोलावर आवळली की तो करंट सेन्सरला दिसतच नाही. कॉम्प्युटर समजतो बॅटरी भरलेली आहे आणि चार्जिंग आखडतो. जास्तीच्या सामानाची अर्थ बॉडीवर घ्या. बॅटरी बदलल्यावर ते कॉम्प्युटरला कळवावं लागतं का, हेही गाडीच्या पुस्तकात बघा. काही गाड्यांत एका बॅटरीखाली तापमानाचा सेन्सर असतो. त्याची वायर तुटली की चार्जिंगचं गणित चुकतं.

आता मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि इंजिन चालू असतानाच बॅटरीवर मोजा. खरं तर इथे एसी नसायलाच हवं, थोडंसं असतं. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर अल्टरनेटरचा डायोड (एसीचं डीसी करणारा भाग) गेला. गेलेला डायोड दुहेरी चोर आहे: दिवसा कमी चार्ज करतो आणि रात्री त्याच वाटेने बॅटरी रिकामी करतो. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी अल्टरनेटरला हात लावा. आजूबाजूचं सगळं थंडगार आणि तो कोमट लागला तर मीटर नसतानाही उत्तर मिळालं.

रात्रीची गळती

गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, कंट्रोलर थोडा करंट घेतात. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. हिशेब करून बघा: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. सत्तरच्या दोन बॅटऱ्या मिळून १४०. निम्म्या व्हायला जवळजवळ दोन महिने लागतील. पण हाच आकडा ४०० असेल तर दिवसाला ९.६, म्हणजे आठवड्यात निम्मी जोडी रिकामी. "रोज चालवतो तेव्हा काही होत नाही, आठवडाभर उभी राहिली की सुरू होत नाही", या तक्रारीमागे बहुतेक वेळा हे असतं.

एका बॅटरीच्या गाडीत निगेटिव्ह काढून मध्ये मीटर लावला की झालं. इथे तसं केलंत तर करंट दुसऱ्या बॅटरीतून आरामात वाहील आणि मीटर जवळपास काहीच दाखवणार नाही. कितीतरी गळत्या अशा "नाहीत" म्हणून सोडून दिल्या जातात. पद्धत अशी:

आधी सगळ्या बाजूंनी तयारी. खिडकी उघडी ठेवा, बॉनेट आणि दाराची कुलपं स्क्रू-ड्रायव्हरने लागल्याच्या स्थितीत आणून ठेवा, म्हणजे गाडीला दारं बंद आहेत असं वाटेल. रिमोटची चावी गाडीपासून लांब ठेवा. मग 'ब'चा निगेटिव्ह पूर्ण काढा आणि त्यावर कापड गुंडाळा. आता सगळा करंट 'अ'मधूनच जाणार. मीटर १० अँपिअरच्या भोकात, एक टोक 'अ'च्या निगेटिव्ह पोलावर आणि दुसरं तिच्या केबलच्या लगवर धरा. ती टोकं तशीच धरून ठेवून मगच केबल पोलावरून उचला. वाट क्षणभरही तुटली तर सगळे कंट्रोलर पुन्हा जागे होतात. आणि मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नका. ग्लो प्लगने मागितलेला करंट मीटरचा फ्यूज उडवेल.

सुरुवातीला अँपिअरमध्ये आकडा दिसेल. घाबरू नका, चहा घ्या. कंट्रोलर झोपायला २०-४५ मिनिटं, काही गाड्यांत त्याहून जास्त लागतात. तासाभराने जो स्थिर राहतो तो खरा आकडा.

बारीक करंट नीट वाचणारा डीसी क्लॅम्प असेल तर काहीच न काढता दोन्ही निगेटिव्हवर आळीपाळीने लावा. आधी क्लॅम्प शून्यावर आणा आणि बाण दोन्ही वेळा एकाच दिशेने, बॅटरीकडे, ठेवा. एकदा मला एका ओळखीच्यांच्या गाडीत 'अ'वर ०.८५ आणि 'ब'वर उणे ०.८० दिसलं. बेरीज केली तर गाडी फक्त ०.०५ अँपिअर खात होती, अगदी नियमात. उरलेला सगळा करंट 'अ' रात्रभर 'ब'ला पाजत होती, कारण 'ब'चा एक सेल आतून शॉर्ट होता. ते बिचारे महिनाभर फ्यूज काढून काढून म्युझिक सिस्टिमवर संशय घेत होते.

गळती गाडीतलीच असेल तर फ्यूज उपटत सुटू नका. उपटून परत लावला की तो कंट्रोलर जागा होतो आणि आकडे नाचतात. मीटर मिलिव्होल्टवर घेऊन प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टोकं ठेवा. शून्य आलं तर त्यातून करंट नाही. काही मिलिव्होल्ट आले तर ती वाट जागी आहे. तिथून त्या फ्यूजवर काय काय चालतं ते पुस्तकात बघा.

एकही फ्यूज सापडला नाही तर फ्यूज पेटीला वळसा घालून जाणाऱ्या वायरी उरतात: अल्टरनेटर, सेल्फ, ग्लो प्लगचा किंवा हीटरचा रिले. हा रिले चिकटला तर गळती मिलिअँपिअरची नसते. काही तासांत दोन्ही बॅटऱ्या झोपतात आणि त्याची जाड वायर हाताला गरम लागते. आणि मग मालकाने स्वतः बसवलेलं सामान: कॅमेरा, ट्रॅकर, अ‍ॅम्प्लिफायर, इन्व्हर्टर. ट्रेलर जोडून ठेवलेला असेल तर त्याचा प्लग काढून पुन्हा मोजा. दोष कंपनीच्या वायरिंगपेक्षा अशा नंतरच्या वायरिंगमध्ये जास्त वेळा सापडतो, हे माझं मत आहे, आणि माझ्या स्वतःच्या वायरिंगलाही ते लागू आहे.

राहिलेली काही कारणं

उष्णता. आतली रासायनिक झीज साधारण दर १० अंशांमागे दुप्पट होते असं धरतात. दोघींपैकी एक टर्बो किंवा एक्झॉस्टच्या बाजूला असेल आणि नेहमी तीच जात असेल, तर तिच्या भोवतीचं उष्णतेचं कवच जागेवर आहे का बघा. मागच्या कुणीतरी ते काढून ठेवलेलं असतं.

हादरे. बॅटरी हाताने हलवून बघा. हलली तर तिची पट्टी आवळा. डिझेलच्या थरथरीत प्लेटांवरचा मसाला झडून तळाशी साचतो.

छोट्या फेऱ्या. सुरू केलं, दोन किलोमीटर गेलं, बंद केलं, असं दिवसातून सहा वेळा. ग्लो प्लगने आणि सेल्फने जेवढं घेतलं तेवढंही परत जात नाही. गाडी तशीच वापरायची असेल तर आठवड्यातून एक रात्र चार्जर लावा. दुसरा उपाय मला माहीत नाही.

दोन स्वतंत्र बॅटऱ्यांच्या गाडीत मधला रिले तपासा. इंजिन चालू असताना दुसऱ्या बॅटरीवरही चार्जिंगचं व्होल्टेज दिसलं पाहिजे आणि इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने ती वेगळी झाली पाहिजे. अल्टरनेटर कॉम्प्युटरवर चालणारा असेल तर साधा रिले पुरत नाही, डीसी-डीसी चार्जर लागतो.

बदलायच्या असतील तर

समांतर जोडीत दोन्ही एकदम बदला. एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या आणि त्यांच्यावर छापलेली तारीख जवळपासची असलेल्या. जुनीसोबत नवी जोडली की नवी रात्रंदिवस जुनीला पोसते आणि तिच्याच वयाची होऊन बसते. वॉरंटीत नेमकी एकच बदलून मिळते, ही अडचण खरी आहे. दुसरी वेगळी करून केलेल्या टेस्टमध्ये उत्तम आली आणि वर्षाच्या आतली असेल तरच एकीवर भागवा. एकीकडे एजीएम आणि दुसरीकडे पाण्याची, हे मात्र कधीही नको. दोघींना चार्जिंगचं व्होल्टेज वेगळं लागतं, एक उपाशी राहते किंवा दुसरी उकळते.

नव्या बॅटऱ्याही बसवण्याआधी चार्जर लावून पूर्ण भरा आणि दोघींचं व्होल्टेज सारखं आल्यावरच एकत्र जोडा. पोल आणि क्लॅम्प घासा, चारही अर्थ आणि पॉझिटिव्ह जोड पुन्हा एकदा सेल्फ मारून मोजा.

मग आठवडाभर रोज सकाळी, दार उघडण्याआधी, बॉनेट उघडून दोन्ही बॅटऱ्यांवरचं व्होल्टेज बॅटरीवरच्याच चिकटपट्टीवर लिहा. १२.६, १२.६, १२.५, १२.६ असं चाललं असेल तर मीटर पेटीत ठेवून द्या. १२.६, १२.५, १२.३, १२.१ असं उतरत असेल तर गळती अजून तिथेच आहे, आणि नवी जोडी मरण्याआधी तुम्हाला ते कळलं आहे.